गरजेचें माप

नीतिशास्त्राचे ग्रंथ उघडले म्हणजे त्यांत सत्य, त्याग, दया अशा मोठ्या शब्दांची चर्चा पुष्कळ आढळते. परंतु गृहस्थाश्रमी माणसाची परीक्षा त्या मोठ्या शब्दांच्या प्रसंगीं क्वचितच होते. ती बहुधा दुकानांत होते. कोणती वस्तु घ्यावी, किती मोठी घ्यावी, आणि मुळांत ती घ्यावीच कां, हा प्रश्न ज्या क्षणीं आपणांपुढें उभा राहतो, त्या क्षणीं आपण स्वतःशीं किती खरें बोलतों हें कळून येतें. अशा विचारास उदाहरण जितकें रुक्ष तितकें बरें, म्हणून आम्ही येथें एक अगदीं रुक्ष उदाहरण घेत आहों. घरच्या गॅरेजांत हातानें कांहीं कामें करणाऱ्या गृहस्थानें कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून टाकींत भरणारें यंत्र, कोणत्या कसोटीनें निवडावा? विषय ऐकून कांहीं वाचकांस हंसूं येईल. त्यांनीं थोडा धीर धरावा.

हें यंत्र आपल्या लोकांस अपरिचित नाहीं. हमरस्त्यावर पंक्चर काढणाऱ्याच्या टपरीबाहेर जी टाकी थरथरत असते ती याचीच. दंतवैद्याच्या खुर्चींत बसलें असतां जी थंड हवा दांतावर येते तीहि याचीच. पुण्यास १९५८ सालीं किर्लोस्कर न्यूमॅटिक ही कंपनी हवेच्या यंत्रांच्या धंद्यासाठींच निघाली. परंतु आपल्याकडे कॉम्प्रेसर हा धंद्याचा सोबती आहे, संसाराचा नव्हे. घरीं कॉम्प्रेसर बाळगण्याची चाल खरी अमेरिकेंतील. तेथें शहराबाहेरच्या वस्त्यांत घराला लागूनच दोन मोटारी मावतील एवढें गॅरेज असतें, आणि त्यांत पुष्कळदां एकच मोटार उभी राहून उरलेल्या जागेंत भिंतीशीं एक लांब टेबल, शेगडा आणि हत्यारें मांडलेलीं असतात. १९६५ सालच्या कायद्यानें आशियांतील लोकांस त्या देशाचें दार मोकळें झाल्यापासून जीं मराठी कुटुंबें तेथें जाऊन स्थायिक झालीं, त्यांच्या घरांसहि हें गॅरेज आपोआप लाभलें. चाकांत हवा भरणें, लांकडी चौकटींत खिळे मारणें, गंजलेले नट सोडविणें, कपाटास रंगाचा फवारा देणें, मोटारीच्या दारावरील जुना रंग घासून काढणें, हीं सर्व कामें दाबलेल्या हवेनें होतात असें एकदां कळलें, कीं घरचा गृहस्थ दुकानाकडे वळतो. आमचा प्रश्न तेथून सुरू होतो.

दुकानांत लहान मडक्याएवढ्या टाकीपासून माणसाहून उंच टाकीपर्यंत यंत्रें ओळीनें मांडलेलीं असतात, आणि प्रत्येकावर दोन आंकडे मोठ्या अक्षरांत छापलेले असतात: एक अश्वशक्तीचा, दुसरा टाकीच्या गॅलनांचा. त्यांपैकीं पहिल्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेंतील घरच्या साध्या खटक्यास १२० व्होल्टांची वीज येते आणि त्यांतून १५ अँपिअर घेतां येतात; म्हणजे फार झालें तर १८०० वॅट. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट. भागाकार केला तर सुमारें २.४ येतात, मोटरींत उष्णतेच्या रूपानें जें वायां जातें तें वजा केलें तर दोनहि हातीं लागत नाहींत. असें असतां ह्याच खटक्याला लावावयाच्या यंत्रांवर पांच आणि सहा अश्वशक्ति असें छापून तीं वर्षानुवर्षें विकलीं गेलीं. छापणारा अगदींच खोटें बोलत नव्हता. मोटर क्षणभर जो जास्तींत जास्त जोर दाखवूं शकते, त्याचा तो आंकडा. दिवाळीचा बोनस ज्या महिन्यांत मिळाला त्याच महिन्याची कमाई सांगून मुलाचें लग्न जमवावें, तशांतला हा प्रकार.

विकणाऱ्याचा दोष उघड आहे व त्यावर शाई खर्चण्याचें कारण नाहीं. आम्हांस नवल वाटतें तें घेणाऱ्याचें. आमचा हा गृहस्थ बहुधा स्वतः इंजिनिअर असतो. वरचा भागाकार तो झोपेंतहि करील, आणि कचेरींत हाताखालच्या माणसानें असा आंकडा लिहून आणला तर तो त्याला परत पाठवील. परंतु दुकानांत तो भागाकार करीत नाहीं. कां करीत नाहीं? त्याला तो आंकडा खरा हवा असतो, म्हणून. फसविणारा एकटा कधींच पुरेसा नसतो. त्याला आंतून फितूर झालेला एक माणूस लागतो, आणि तो माणूस आपणच असतों.

आतां दुसरा आंकडा घेऊं, कारण खरा घोटाळा त्यांत आहे आणि तो अप्रामाणिकपणाचाहि नाहीं. टाकीवर साठ गॅलन लिहिलें असेल तर ती खरोखरच साठ गॅलनांची असते. परंतु टाकी हवा उत्पन्न करीत नाहीं, सांठवते. हवा उत्पन्न होते ती पंपांतून, आणि ती मिनिटास किती घनफूट, हा आंकडा बहुधा बारीक अक्षरांत एका कोपऱ्यांत असतो. साध्या खटक्यावर चालणारें चांगलें यंत्र चौरस इंचास नव्वद पौंड दाबाची हवा मिनिटास सुमारें पांच घनफूट देतें, आणि त्याहून फारसें अधिक देऊं शकत नाहीं. आतां मोटारीचा रंग घासणारें हवेचें सँडर घ्या. त्याला मिनिटास बारा घनफूट लागतात असें धरूं. म्हणजे दर मिनिटास सात घनफुटांची तूट आहे. ही तूट टाकी भरून काढील, असें आमच्या गृहस्थास वाटतें. म्हणून तो वीस गॅलनांची टाकी सोडून साठांची मागतो.

हिशेब करून पाहूं. अमेरिकन मापाचे साडेसात गॅलन म्हणजे एक घनफूट; तेव्हां साठ गॅलनांची टाकी आठ घनफुटांची. तिच्यांतील दाब १३५ पौंडांवरून ९० वर येईपर्यंत हत्यार नीट चालतें. म्हणजे ४५ पौंडांचा दाब आपल्या हातीं आहे, आणि वातावरणाचा दाब १४.७ पौंड असल्यामुळें तो वातावरणाच्या सुमारें तिप्पट झाला. रॉबर्ट बॉईलनें १६६२ सालीं प्रसिद्ध केलेला दाबाचा व आकारमानाचा नियम लावला तर टाकींतून मोकळी हवा निघते चोवीस घनफूट. सातांची तूट, चोवीसांचा सांठा: साडेतीन मिनिटें! वीस गॅलनांच्या टाकीनें हेंच काम सव्वा मिनिटाच्या आंतच थांबलें असतें, इतकाच काय तो फरक. आणि पुढें? साठांची टाकी पुन्हां भरावयास त्याच पंपास पांच मिनिटें लागतात. तासाच्या शेवटीं पाहिलें तर दोन्ही टाक्यांतून निघालेली हवा जवळ जवळ सारखीच भरते, कारण ती शेवटीं एकाच पंपांतून आलेली असते. शिवाय लहान पंप सतत चालविण्यासाठीं बनविलेलेच नसतात. हवा दाबली कीं ती तापते, आणि त्या तापानें पंप लवकर झिजूं नये म्हणून पुष्कळांस अर्धा वेळ विश्रांति द्यावी लागते. तेव्हां पांच घनफूट हीहि कागदावरचीच मिळकत.

सांठा आणि ओघ यांतील हा भेद आपल्या आज्यांना कोणत्याहि पाठ्यपुस्तकावांचून ठाऊक होता. बापजाद्यांच्या ठेवींतून बारसें थाटाचें होतें. घर चालतें तें महिन्याच्या पगारावर. ज्याचा खर्च रोज मिळकतीपेक्षां अधिक आहे, त्याला मोठी ठेव दारिद्र्यापासून वांचवीत नाहीं, तें थोडें लांबवते. आणि लांबणीवर पडलेली अडचण दूर झालेल्या अडचणीसारखी दिसते, हीच तिची खुबी. मोठ्या टाकीचा मोह हा या दृष्टीनें पाहतां केवळ लोभ नाहीं. एका राशीला दुसरी समजण्याची ती चूक आहे, आणि ती संसारांतहि होते, राज्यकारभारांतहि होते.

परंतु येथें घाईनें निकाल देऊं नये. सगळींच कामें सँडरसारखीं अधाशी नसतात. चौकटींत बारीक खिळा मारावयास एक दशांश घनफूट हवाहि लागत नाहीं, आणि एक खिळा मारल्यावर दुसरा मारीपर्यंत माणूस मोजतो, पट्टी सरळ करतो, घाम पुसतो. चाकाचे पांच नट सोडविले कीं दुसऱ्या चाकाकडे जावें लागतें. अशा थांबत थांबत होणाऱ्या कामांस सहा गॅलनांची टाकी आणि लहानसा पंपहि पुरतो, आणि तेथें सांठ्याचें खरें मोल आहे. सारांश, यंत्र किती मोठें हवें हा प्रश्न यंत्राकडे पाहून सुटणाराच नाहीं. काम सलग चालणारें आहे कीं तुटक, हें आधीं ठरविलें पाहिजे. आणि तें ठरवावयाचें तर आपण खरोखर काय करतों हें स्वतःस विचारलें पाहिजे. दुकानदार हा प्रश्न विचारीत नाहीं. त्याचा तो धंदाहि नव्हे.

येथेंच आमच्या मतें नीतीचा प्रश्न उपस्थित होतो. "मला काय लागेल?" असें आमचा गृहस्थ म्हणतो तेव्हां तो "मला" कोण? गेल्या वर्षीं ज्यानें चार रविवार गॅरेजांत काढले, दोन वेळां चाकांत हवा भरली आणि एक फळी ठोकली, तो? कीं ज्याच्या हातून पुढेंमागें जुनी मोटार उघडून तिचा सांगाडा घासून, रंगवून नवी होणार आहे, तो? पहिला आहे, दुसरा नाहीं. परंतु खरेदीची पावती नेहमीं दुसऱ्याच्या नांवें फाटते आणि पैसे मात्र पहिला भरतो. त्याचें घर भरतें, असेंहि म्हणतां येईल, कारण पांच अश्वशक्तीच्या खऱ्या यंत्रास २४० व्होल्टांची निराळी तार ओढून घ्यावी लागते, विजेच्या कारागिराची मजुरी पडते, आणि ज्या कोपऱ्यांत मुलांच्या सायकली उभ्या राहत होत्या तो कोपरा जातो.

कोणी म्हणेल, कीं हा उपदेश करंटेपणाचा आहे. हत्यार घरांत आल्यावांचून हात वळणार कसा? पेटी आणल्यावांचून कोणी गाणें शिकला आहे काय? हा आक्षेप आम्हांस खराच वजनदार वाटतो, आणि विशेषतः आपल्या वर्गाच्या संबंधांत. आपल्या पांढरपेशा घरांतून पिढ्यान् पिढ्या बोटांना शाई लागली तर कौतुक झालें, तेल लागलें तर रागें भरले गेलें. सुतार, लोहार, कासार यांच्या हातांतील विद्या आपण विद्येंत धरलीच नाहीं, आणि यंत्रशास्त्राची पदवी घेतलेले आपले कित्येक तरुण कानस हातीं न धरतां सातासमुद्रांपलीकडे गेले. अशांपैकीं एखाद्यास चाळिशीनंतर, परक्या देशांत, स्वतःच्या गॅरेजांत जर आपल्या हातानें एखादी वस्तु धड करावी असें वाटूं लागलें, तर त्याची थट्टा करण्यास आम्ही तयार नाहीं. त्याला दुकानांत जें भूल घालतें तें केवळ लोखंडाचें आकर्षण नसून आपण निराळे होऊं शकूं ही आशा असते. ही आशा मोडण्यासारखी नाहीं. मात्र तिची किंमत आगाऊ, आणि सगळी एकदम, भरावी कीं काय, एवढाच प्रश्न आहे.

लहान यंत्र घेऊन त्याच्याकडून मोठें काम उपसून घेणें यासहि आम्ही साधेपणा म्हणणार नाहीं. जो पंप अर्धा वेळ थांबण्यासाठीं केलेला आहे त्याला तासन् तास राबविला तर तो लवकरच बसतो, आणि मग तो भंगारांत जाऊन त्याच्या जागीं दुसरा येतो. असल्या काटकसरीस अपरिग्रहाचें नांव देणें म्हणजे त्या शब्दाचा अपमान करणें होय. ज्याचें काम खरोखरच सलग आणि मोठें आहे, ज्यानें तें महिनोन् महिने केलें आहे, त्यानें मोठें यंत्र निःशंकपणें घ्यावें. त्याच्या घरांत तें चैन नसून गरज आहे. तसेंच कांहींजणांस हवेची गरजच नसते. दाबलेली हवा ही मोठी उधळी चाकर आहे; मोटरीनें घेतलेल्या विजेपैकीं हत्याराच्या टोकाशीं कामास येते ती दहा-पंधरा टक्केच, बाकीची बहुतेक उष्णता होऊन भिंती तापवते. अलीकडे बॅटरीवर चालणारीं हत्यारें इतकीं सुधारलीं आहेत कीं नट सोडविण्याचें काम तीं सहज करतात. घासण्याचें तर विजेचें साधें सँडरहि करतें.

आणि ज्याला अजून आपलें काम कोणतें हेंच ठाऊक नाहीं, त्यानें काय करावें? मागून आणावें, असें आम्ही म्हणतों. पूर्वीं वाड्यांत लग्नकार्य निघालें कीं मोठीं पातेलीं आणि झारे शेजारून, देवळांतून येत. शंभर पानांचें पातेलें घरोघर असावें असें कोणास वाटत नसे, आणि त्यामुळें कोणाचें लग्न अडलेंहि नाहीं. अमेरिकेंत, जेथें प्रत्येक घरीं प्रत्येक वस्तु असावी अशी समजूत आहे, तेथेंहि कॅलिफोर्नियांतील बर्कली शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयानें १९७९ सालापासून पुस्तकांप्रमाणें हत्यारें उसनीं देण्याचा विभाग चालविला आहे. मोठा कॉम्प्रेसर भाड्यानें देणारीं दुकानेंहि त्या देशांत पुष्कळ आहेत. दोन रविवार भाड्याचें यंत्र वापरून पाहिलें म्हणजे तो दुसरा, भविष्यांतला माणूस खरोखर येणार आहे कीं नाहीं, याचा अदमास लागतो.

येथवर जो विचार झाला तो घेणाऱ्याच्या स्वतःच्या पैशांचा आणि स्वतःच्या खरेपणाचा. परंतु ह्या यंत्राचा आवाज आहे, आणि आवाज कुंपण मानीत नाहीं. तेलाशिवाय चालणारे, वजनानें हलके व किंमतीनें स्वस्त असे पुष्कळ कॉम्प्रेसर जवळून ऐशी ते नव्वद डेसिबल आवाज करतात. सावकाश फिरणाऱ्या मोटरीचे, मुद्दाम शांत बनविलेले, साठांच्या आसपास असतात, परंतु त्यांना दाम अधिक पडतात. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी अमेरिकेंतील सरकारी संस्था आठ तासांस ८५ डेसिबल ही मर्यादा सुचविते, आणि दर तीन डेसिबलांस ती वेळ निम्म्यानें घटविते. ९१ ला दोनच तास. दुकानांत यंत्र मुकें उभें असल्यामुळें हा हिशेब तेथें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. घरीं आणल्यावर मालक कानांवर गाद्या बांधून काम करतो. पलीकडच्या घरांत रात्रपाळी करून सकाळीं निजलेली परिचारिका, किंवा नुकतें झोंपीं गेलेलें मूल, यांच्या कानांवर कांहीं नसतें. स्वस्त यंत्रांत जे पैसे वांचले असें मालकास वाटतें, ते वास्तविक शेजाऱ्यानें भरलेले असतात. शांत यंत्रासाठीं चार पैसे अधिक देणें हा शेजाऱ्यावर उपकार आहे, असें कोणी समजूं नये.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र यंत्र घेण्याचा नसून तें पुढें विकण्याचा आहे. बिडाच्या पंपाचीं जुनीं यंत्रें पुष्कळ वर्षें टिकतात, म्हणून जुनें घेणें शहाणपणाचेंच आहे. पण टाकीची गोष्ट निराळी. दाबलेली हवा थंड झाली कीं तिच्यांतील वाफेचें पाणी होऊन तें टाकीच्या तळाशीं सांचतें. काम संपल्यावर खालची तोटी उघडून तें काढून टाकावयाचें असतें. आणि आळसानें तें राहिलें तर टाकी आंतून गंजत जाते. बाहेरचा रंग तुकतुकीत असतो, पत्रा मात्र पातळ होत असतो. चौरस इंचास शंभर-सव्वाशें पौंड दाब धरलेली अशी टाकी फुटली तर ती तोफेच्या गोळ्याहून कमी नाहीं. आतां, तोटी किती वेळां उघडली गेली हें विकणाऱ्यास ठाऊक असतें; घेणाऱ्यास तें बाहेरून कळण्याचा मार्ग नसतो. विकणारा म्हणतो, "जसें आहे तसें देतों." कायदा पुष्कळदां एवढ्यावर समाधान मानतो.

हा वाद दोन हजार वर्षांचा जुना आहे. सिसेरोनें इ. स. पूर्वीं ४४ सालीं कर्तव्यांविषयीं जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागांत सडक्या वाशांचें, रोगट हवेचें घर विकणाऱ्याची गोष्ट घातली आहे, आणि दोन स्टोइक तत्त्ववेत्त्यांचीं मतें समोरासमोर ठेविलीं आहेत. बाबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, कीं न सांगणें निराळें आणि लपविणें निराळें. कोणी कोणावर घर घेण्याची सक्ति केलेली नाहीं. त्याचा शिष्य अँटिपॅटर म्हणतो, कीं वाट चुकलेल्यास वाट न दाखविण्यासारखेंच हें पाप आहे, किंबहुना त्याहूनहि वाईट, कारण येथें आपण जाणूनबुजून दुसऱ्यास चुकीच्या वाटेवर जाऊं देतों. सिसेरो शिष्याच्या बाजूस झुकतो. आपल्या स्मृतिकारांनींहि दोष लपवून माल विकणाऱ्यास दंड सांगितला आहे. आमचें मत विचाराल, तर डायोजिनीसचा भेद बाजारभावाच्या बाबतींत थोडाबहुत चालेल. मोटर कुरकुरते हें न सांगितलें तर घेणाऱ्याचे पैसे बुडतील, आणि पैशांचा व्यवहार दोन शहाण्या माणसांमधला आहे. टाकीच्या बाबतींत तो चालणार नाहीं, कारण ती फुटेल तेव्हां तिच्याजवळ घेणाराच उभा असेल असें नाहीं. बापाचें काम पाहावयास आलेलें त्याचें पोरहि असेल.

म्हणून ज्याच्या हातून तोटी उघडावयाची राहिली असेल त्यानें, न विचारतां, तसें सांगावें. शक्य असेल तर विकण्यापूर्वीं टाकींत पाणी भरून तिच्यावर दाब देऊन ती तपासून घ्यावी. पाणी हवेसारखें दबत नसल्यामुळें अशा परीक्षेंत टाकी चिरली तरी नुसती ठिबकते, उडत नाहीं. आणि टाकी नापास झाली तर पंप व मोटर सोडवून तीं वेगळीं विकावीं. टाकींतील हवा सगळी सोडून दिल्यावर तिच्या तळाशीं एक चांगलें मोठें भोंक पाडावें, आणि मगच ती भंगारवाल्याच्या गाडीवर चढवावी.